ध्येयनिश्चिती

ध्येयनिश्चिती : आपली कुवत, आवड व परिस्थिती यांचा विचार करून विशिष्ट काळात साध्य करावयाचे फलित व्यक्तीने जाणीवपूर्वक ठरविणे, म्हणजे ध्येयनिश्चिती होय. इच्छा आणि ध्येय यांत भेद आहे. ‘आपण बहुश्रुत व्हावे’ ही इच्छा होय. ‘येत्या दोन वर्षांत कानडी भाषा शिकून तीतील वृत्तपत्र सहज वाचता येईल इतकी प्रगती करावयाची’ हे ध्येय होय. इच्छेला मुदत, मोजमाप व मार्ग नसतो. ध्येयाला हे तिन्ही असतात. व्यक्तिगत यश या संज्ञेने सामान्यतः संपत्ती, अधिकार वा कीर्ती यांचा बोध होतो. मानसशास्त्रीय दृष्ट्या मात्र स्वतः योग्य मानलेल्या ध्येयाच्या दिशेने झालेली प्रगती व तीतून लाभणारे समाधान, असा यशाचा अर्थ केला जातो. आत्मज्ञान, ध्येय आणि कामातील आनंद ही अशा यशाची तीन परस्परावलंबी अंगे मानता येतील.

पूर्वपीठिका : स्वतःस ओळखण्याचा उपदेश प्राचीन आहे. ग्रीसमधील डेल्फाय येथील अपोलोच्या मंदिरावर त्या अर्थाचे वचन कोरलेले होते आणि सॉक्रेटीसच्या तत्त्वचिंतनात त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. वेदान्तातील आत्मज्ञान हे आत्म्याच्या पारमार्थिक स्वरूपाचे ज्ञान होय. प्रस्तुत संदर्भातील आत्मज्ञान मात्र व्यावहारिक असून त्यात स्वतःचे गुण, उणिवा, अभिरुची व मूल्ये यांची यथार्थ जाण अभिप्रेत आहे. भगवद्‌गीतेतील फलाविषयीच्या अनासक्तीचा उपदेश वरवर पाहता ध्येयनिश्चितीच्या विरुद्ध वाटतो; तथापि काम चालू असताना चित्त फळावर न ठेवता कामावर ठेवणे, हा त्याचा एक व्यावहारिक अर्थ आधुनिक संशोधनाशी जुळणारा आहे.

बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) याने स्वतःच्या सुधारणेसाठी तेरा सद्‌गुणांची यादी करून त्यांच्या पालनातील चुका रोजच्या रोज एका वहीत नोंदविल्या. सॅम्युएल स्माइल्स (१८१२–१९०४) याच्या १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेल्फ-हेल्प या ग्रंथाने उद्योग व चिकाटी यांच्या बळावर वर आलेल्या व्यक्तींची चरित्रे पुढे ठेवली. पुढे फ्रँक पार्सन्स (१८५४–१९०८) याने १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र स्थापन केले. स्वतःची ओळख, निरनिराळ्या व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा विचारपूर्वक मेळ, अशी व्यवसायनिवडीची त्रिसूत्री त्याने मांडली. नैतिक उपदेशाचा विषय येथून अभ्यासाचा विषय होऊ लागला.

आत्मज्ञान : कोणते ध्येय आपल्या आवाक्यातील आहे, हे व्यक्तीस आपोआप कळत नाही. कुर्ट लेव्हिन (१८९०–१९४७) या मानसशास्त्रज्ञाच्या बर्लिन येथील शिष्यांनी ‘आकांक्षा-पातळी’ ही संकल्पना विकसित केली. त्यांपैकी फर्डिनांड होप्पे याने १९३० मध्ये दाखवून दिले, की यश वा अपयश यांची भावना प्रत्यक्ष कामगिरीवर अवलंबून नसून कामगिरी व आकांक्षा-पातळी यांतील अंतरावर अवलंबून असते. यशानंतर ही पातळी सामान्यतः उंचावते व अपयशानंतर खाली येते. त्यामुळे समान गुण मिळविणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक समाधानी, तर दुसरा खिन्न असू शकतो. जॉन ॲटकिन्सन (१९२३–२००३) याने १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, सिद्धिप्रेरणा प्रबळ असलेल्या व्यक्ती मध्यम कठीण कामे पसंत करतात. अपयशाचे भय प्रबळ असलेल्या व्यक्ती मात्र अतिसुलभ वा अशक्यप्राय कामांकडे वळतात. अतिसुलभ कामात अपयशाचा धोका नसतो आणि अशक्यप्राय कामात अपयश आले, तरी त्याची लाज वाटत नाही. म्हणून भव्य ध्येय हे नेहमीच धैर्याचे लक्षण नसते. कित्येकदा ती स्वतःची परीक्षा टाळण्याची युक्ती असते.

केवळ अंतर्निरीक्षणाने मिळणारे आत्मज्ञान अपुरे असते. आपल्या वर्तनाची खरी कारणे व्यक्तीस पुष्कळदा ठाऊक नसतात, असे रिचर्ड निस्बेट व टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये दाखविले. म्हणून विचारांपेक्षा कृतींची नोंद अधिक विश्वसनीय ठरते. व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर (१९०९–२००५) याने सुचविलेली पद्धती या दृष्टीने उपयुक्त आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यापासून काय निष्पन्न होईल याची अपेक्षा लिहून ठेवावयाची आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष फलिताशी तिची तुलना करावयाची. असे काही वर्षे केल्यास आपले सामर्थ्य कशात आहे व कोणत्या बाबतीत आपला अंदाज वारंवार चुकतो, हे स्पष्ट होते. अभिरुचिकसोट्या, शिक्षकांचे व सहकाऱ्यांचे मत यांचाही उपयोग होतो. परंतु कसोटीचा निष्कर्ष हा सल्ला असतो, निवाडा नव्हे.

ध्येयाचे स्वरूप : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक (जन्म १९३८) याने १९६८ मध्ये ध्येयनिश्चितीच्या उपपत्तीचा पाया घातला. गॅरी लॅथम (जन्म १९४५) याच्या सहकार्याने त्याने १९९० मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. या उपपत्तीनुसार, ‘शक्य तेवढे उत्तम करा’ अशा मोघम सूचनेपेक्षा विशिष्ट व कठीण, परंतु आवाक्यातील, ध्येयामुळे कामगिरी अधिक चांगली होते. ओक्लाहोमा राज्यात लाकडाच्या ओंडक्यांची वाहतूक करणाऱ्या मालमोटारी कायद्याने मान्य केलेल्या वजनाच्या सु. ६०% इतक्याच भरल्या जात. चालकांना ९४% हे निश्चित ध्येय देण्यात आले. त्यासाठी पैशाच्या रूपाने कोणतेही पारितोषिक नव्हते. तरीही काही महिन्यांत हे प्रमाण सु. ९०% पर्यंत गेले व तेथे टिकून राहिले. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ध्येय चार प्रकारे कार्य करते : ते लक्ष एकवटते, प्रयत्नांची तीव्रता वाढविते, चिकाटी टिकविते आणि नव्या मार्गांचा शोध घेण्यास प्रवृत्त करते. तथापि हे परिणाम दिसण्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. व्यक्तीस ध्येय मनापासून मान्य असावे लागते, त्यासाठी लागणारी पात्रता तिच्यात असावी लागते आणि प्रगतीविषयी वेळोवेळी माहिती, म्हणजेच प्रत्याभरण, मिळावे लागते. काम अपरिचित व गुंतागुंतीचे असल्यास प्रारंभी विशिष्ट फलिताचे ध्येय ठेवण्यापेक्षा ते काम शिकण्याचे ध्येय ठेवणे हितावह ठरते. दूरच्या ध्येयाची जवळच्या टप्प्यांत विभागणी केल्यास लहान यशांमुळे स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास दृढ होतो. या विश्वासाचे महत्त्व ॲल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) याने १९७७ पासूनच्या लेखनात विशद केले. पेटर गोल्व्हित्सर याच्या संशोधनानुसार, ‘सायंकाळचे जेवण झाले, की अर्धा तास वाचावयाचे’ अशा रीतीने वेळ, स्थळ व कृती यांची सांगड आधीच घातल्यास ध्येय अमलात येण्याचा संभव वाढतो.

कामातील आनंद : ध्येय दिशा देते, परंतु दीर्घकाळ टिकणारे बळ मुख्यतः कामातील गोडीतून येते. काम करण्यातच समाधान लाभत असल्यास त्या प्रेरणेस आंतरिक प्रेरणा म्हणतात. वेतन, पारितोषिक वा शिक्षा यांमुळे निर्माण होणारी प्रेरणा ही बाह्य होय. १९७३ मध्ये मार्क लेपर व त्याच्या सहकाऱ्यांनी शिशुशाळेतील चित्रकलेची आवड असणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांनी बक्षिसाच्या आश्वासनावर चित्रे काढली, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रकलेकडे कमी वळली. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांच्या आवडीवर असा परिणाम झाला नाही. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते स्वायत्तता, सक्षमता व इतरांशी आपुलकीचे नाते या तीन गरजांच्या पूर्तीवर आंतरिक प्रेरणा अवलंबून असते.

मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१) याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक इत्यादींच्या अनुभवांचा अभ्यास करून कामातील तल्लीनतेचे वर्णन १९७५ मध्ये केले. आव्हान कौशल्याहून फार मोठे असल्यास चिंता व फार लहान असल्यास कंटाळा उत्पन्न होतो. दोहोंचा मेळ बसल्यास काळाचे भान हरपते. आनंददायक काम म्हणजे सोपे काम नव्हे, हा यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. तसेच आवड ही नेहमी आधीच तयार असते असेही नाही. पुष्कळदा कौशल्य वाढत जाते तशी ती निर्माण होते.

उदाहरण : वरील तिन्ही अंगे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्या चरित्रात आढळतात. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते कोकणातील मुरुडहून डोंगरवाटांनी साताऱ्यास पायी गेले. परंतु वयाने लहान दिसत असल्यामुळे त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि १८८४ मध्ये गणित विषय घेऊन पदवी मिळविली. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत असत. ते स्वभावाने भिडस्त होते व वक्तृत्व हे त्यांचे बलस्थान नव्हते. चिकाटी, हिशेबीपणा व साधी राहणी ही त्यांची सामर्थ्ये होती आणि त्यांना साजेसाच मार्ग त्यांनी निवडला. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी आश्रमाची संस्था स्थापन झाली, नंतर ती हिंगणे येथे स्थिरावली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. प्रत्येक टप्पा पुरा झाल्यावरच पुढचा हाती घेतलेला दिसतो.

याच संस्थेच्या इतिहासात ध्येयनिश्चितीची मर्यादाही दिसून येते. कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांनी वैधव्यानंतर, प्रौढ वयात, शिक्षणास प्रारंभ केला. पुढे त्यांनी आश्रमात काम केले व त्यासाठी दूरवर प्रवास करून निधी जमविला. शिकण्याची पात्रता त्यांच्या ठायी आधीपासूनच होती. परंतु संधी उपलब्ध होईपर्यंत ती निश्चयाच्या बळावर फळास येऊ शकली नाही. त्यांच्यासारख्या असंख्य स्त्रियांना अशी संधी कधीच मिळाली नाही. त्यांच्या ठिकाणी निश्चयाचा अभाव होता, असे म्हणता येणार नाही.

मर्यादा : यशविषयक लोकप्रिय लेखनात यश हे केवळ निश्चयाचे फळ मानून अपयशाचा सर्व दोष व्यक्तीवर टाकण्याची प्रवृत्ती आढळते. आर्थिक स्थिती, जात, लिंग, शिक्षणाची सोय, आरोग्य व योगायोग यांचा प्रभाव तीत दुर्लक्षिला जातो. शिवाय यशस्वी झालेल्यांचीच चरित्रे लिहिली जात असल्यामुळे तेवढाच निश्चय करूनही अयशस्वी ठरलेले लोक दृष्टीआड राहतात. ध्येयांचे अनिष्ट परिणामही संभवतात. मोजता येणाऱ्या बाबींवर लक्ष खिळल्यामुळे न मोजता येणाऱ्या, परंतु महत्त्वाच्या, बाबींची उपेक्षा होते. ध्येय थोडक्यात हुकलेल्या व्यक्ती आपली कामगिरी फुगवून सांगण्यास अधिक प्रवृत्त होतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. परीक्षेतील गुण हेच एकमेव ध्येय झाल्यास विषयाची गोडी नाहीशी होते, हा शिक्षणक्षेत्रातील परिचित अनुभव आहे.

म्हणून ध्येय हे एकदाच घेतलेले व्रत न मानता अनुभवाच्या आधारे तपासून पाहावयाचे गृहीतक मानणे इष्ट ठरते. कामात दीर्घकाळ आनंद वाटेनासा झाला, तर कामाची पद्धत, ध्येयाची उंची किंवा स्वतःविषयीचा समज यांपैकी काय चुकले आहे, हे तपासावे लागते. विचारपूर्वक सोडलेले ध्येय हे अपयश नसते. ते वाढलेल्या आत्मज्ञानाचे लक्षण असू शकते. तसेच व्यक्तीने निश्चय करावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्या समाजावर तो निश्चय सफल होण्याजोगी संधी निर्माण करण्याचीही जबाबदारी येते.