विश्लेषण : ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ मल्लांना अचानक ‘नारळ’ का देते? ताफ्यातील फेरबदलांवर चाहते का संतापतात?

व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपल्याकडे अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवले जाते. मात्र उद्या कोणाची नोकरी जाणार, हे त्या पटकथेत लिहिलेले नसते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या ताफ्यातून कोणाला काढले, कोणाला ‘रॉ’मधून ‘स्मॅकडाऊन’मध्ये पाठवले, कोणती जोडी फोडली, यावर जगभरचे चाहते लढतींपेक्षाही अधिक तावातावाने बोलतात. आर-ट्रुथच्या प्रकरणात तर चाहत्यांच्या आरडाओरड्यानंतर सहा दिवसांत चित्र पालटले.

आर-ट्रुथ प्रकरणात नेमके काय घडले?

आर-ट्रुथ म्हणजे रॉन किलिंग्ज. त्या वेळी वय वर्षे ५३. २००८ पासून तो सलग डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये आहे. त्याचे काम मुख्यतः विनोदाचे. आपल्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेल्या जॉन सीनाला तो ‘माझ्या बालपणीचा हिरो’ म्हणतो आणि प्रेक्षक प्रत्येक वेळी हसतात. २४ मे २०२५ रोजी त्याच सीनाशी त्याची लढत झाली, तो हरला. आठवडाभरात, १ जूनला, आपला करार वाढवण्यात येणार नसल्याचे त्याने समाजमाध्यमावर जाहीर केले. पुढच्या ‘रॉ’मध्ये प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष सुरू केला आणि भलत्याच मल्लांच्या लढती चालू असतानाही तो थांबेना. ७ जूनला ‘मनी इन द बँक’ कार्यक्रमाच्या अखेरच्या लढतीत ट्रुथ अवतरला आणि त्याने सीनावरच हल्ला केला. हे सगळे कार्यक्रमाचाच भाग होते, अशा आशयाचे उत्तर कंपनीचे सर्जनशील प्रमुख ट्रिपल एच यांनी नंतर पत्रकारांना दिले. चाहत्यांपैकी फारच थोड्यांना ते पटले. प्रस्तुत लेखकालाही नाही.

ताफ्याची विभागणी मुळात का झाली?

मार्च २००१ मध्ये विन्स मॅकमहन यांनी प्रतिस्पर्धी ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ विकत घेतली. मल्ल दुप्पट झाले, त्यांना दाखवायला जागा मात्र तेवढीच. त्यावर उपाय म्हणून वर्षभराने, २५ मार्च २००२ रोजी, पहिला ‘ड्राफ्ट’ झाला. पटकथेनुसार ‘रॉ’चे मालक रिक फ्लेअर, तर ‘स्मॅकडाऊन’चे मॅकमहन. मॅकमहन यांनी पहिल्यांदा द रॉकला निवडले, फ्लेअर यांनी अंडरटेकरला. दोन कार्यक्रम, दोन ताफे. २०११ मध्ये ही विभागणी मोडली आणि जुलै २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण ‘स्मॅकडाऊन’चे थेट प्रक्षेपण होऊ लागले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो कार्यक्रम ‘फॉक्स’ वाहिनीकडे गेला, तेव्हाही लगेच ड्राफ्ट झाला. म्हणजे विभागणीमागे बहुतेक वेळा वाहिन्यांची गरज असते. वाहिनीला आपला स्वतःचा चेहरा हवा असतो, ‘कालच दुसरीकडे पाहिलेला’ नको असतो.

हा ड्राफ्ट खरा असतो का?

अमेरिकी फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये ड्राफ्ट म्हणजे नवोदित खेळाडूंची निवड, आणि तीत दुबळ्या संघाला आधी संधी. आपल्या वाचकांना आयपीएलचा लिलाव जवळचा वाटेल. डब्ल्यूडब्ल्यूईचा ड्राफ्ट या दोन्हींची नक्कल आहे. निवड लेखक करतात, नावे व्यासपीठावर वाचली जातात. चाहत्यांची त्याला हरकत नाही. आपणच केलेला नियम कंपनी आठवडाभरही पाळत नाही, यावर आहे.

२२ मार्च २००४ रोजी ट्रिपल एचला ‘स्मॅकडाऊन’कडे धाडण्यात आले. लगेचच बुकर टी आणि डडली बंधू यांच्या बदल्यात तो ‘रॉ’मध्ये परत. २०१९ मध्ये तर ‘वाइल्ड कार्ड’ नावाचा नियम काढून काही मल्लांना दुसऱ्या कार्यक्रमात जाण्याची मोकळीक दिली गेली. मग भिंत बांधली कशाला? सर्वांत हास्यास्पद प्रकार ऑक्टोबर २०२० मधला. ‘न्यू डे’च्या कोफी किंग्स्टन आणि झेव्हियर वूड्स यांनी ‘स्मॅकडाऊन’चे जोडी अजिंक्यपद जिंकले आणि त्याच रात्री त्यांची ‘रॉ’मध्ये रवानगी झाली. ‘रॉ’चे जोडी विजेते ‘स्ट्रीट प्रॉफिट्स’ उलट दिशेने गेले. तोडगा काय निघाला? दोन्ही जोड्यांनी पट्टे अदलाबदल करून घेतले. शेजारणींनी डबे बदलावेत तसे. ज्या पट्ट्यासाठी मल्ल आठवडेच्या आठवडे पाठ मोडून घेतात, त्याची किंमत त्या पाच मिनिटांत गेली.

त्याच रात्री ‘न्यू डे’चा तिसरा गडी, बिग ई, ‘स्मॅकडाऊन’मध्ये एकटा राहिला. सहा वर्षांची मैत्री एका घोषणेत तुटल्याने चाहते भडकले. पण सप्टेंबर २०२१ मध्ये बिग ई डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झाला. तिघांच्या गटात राहून त्याला ते मिळाले असते का, याची शंकाच आहे. जून २००५ मध्ये जॉन सीना विजेतेपदाचा पट्टा घेऊन ‘रॉ’मध्ये आला आणि पुढची दहा वर्षे कंपनीचा चेहरा ठरला, तेही ड्राफ्टमुळेच. फेरबदल वाईट नसतात. त्यामागे पुढचा विचार आहे की केवळ पत्ते पिसायचे आहेत, हे चाहत्याला लगेच कळते.

काढून टाकण्यामागचे अर्थकारण काय?

डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्ल कर्मचारी नसतात. कागदोपत्री ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. आखाड्यात दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी करते, पण आरोग्य विमा ज्याचा त्याने काढायचा. करार कितीही वर्षांचा असला तरी कंपनी तो मध्येच संपवू शकते. मुख्य ताफ्यातील मल्लाला त्यानंतर साधारण ९० दिवस दुसरीकडे लढता येत नाही, तेवढ्या दिवसांचे मानधन मात्र मिळते. आखाड्यातील नावही बहुधा कंपनीचेच, म्हणून ‘रुसेव्ह’ बाहेर पडला की ‘मिरो’ होतो. कोडी ऱ्होड्सला तर, वडील डस्टी यांनी गाजवलेले आडनाव असूनही, २०२० च्या अखेरपर्यंत दुसऱ्या कंपनीत नुसते ‘कोडी’ म्हणून वावरावे लागले.

यावर दाद मागायला संघटना नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा यांनी ती उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. हेच व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर झाले, पण मल्लांची संघटना आजही नाही.

१५ एप्रिल २०२० रोजी करोनाचे कारण देऊन डब्ल्यूडब्ल्यूईने एका दिवसात मल्लांची मोठी फळी कमी केली. त्यात ऑलिम्पिक सुवर्णविजेता कर्ट अँगलही होता. त्याच वर्षी कंपनीचा निव्वळ नफा १३ कोटी डॉलरच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी कारण ‘खर्चकपात’. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यूएफसी’शी एकत्र येऊन ‘टीकेओ’ ही कंपनी झाली आणि दहाच दिवसांत पुन्हा यादी निघाली. जवळपास दोन दशके राबलेला डॉल्फ झिगलर तीत होता. जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर आहे, तो करार दहा वर्षांचा आणि पाच अब्ज डॉलरचा. तरीही त्या वर्षी फेब्रुवारी आणि मे महिन्यांत नारळ वाटपाचा कार्यक्रम झालाच. तोट्यातील कंपनीने माणसे कमी केली तर समजू शकते. इथे तिजोरी भरते आणि यादीही निघते, हेच चाहत्यांना बोचते.

भारतीय मल्लांच्या वाट्याला काय आले?

‘वीर महान’ आठवत असेल. उत्तर प्रदेशचा रिंकू सिंह भालाफेक करणारा, ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धा जिंकून बेसबॉलसाठी अमेरिकेत गेला आणि नंतर कुस्तीत आला. ऑक्टोबर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याला जिंदर महल आणि शँकी या साथीदारांपासून तोडून ‘रॉ’तच ठेवले. मग ‘वीर महान येत आहे’ ही जाहिरात आठवड्यामागून आठवडे सुरू. येणार येणार म्हणता म्हणता एप्रिल २०२२ उजाडला. तोवर त्याच्या येण्याचा विनोद झाला होता. काही महिन्यांत त्याला पुन्हा ‘एनएक्सटी’ या दुय्यम कार्यक्रमात धाडले गेले.

८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादला डब्ल्यूडब्ल्यूईचा मोठा कार्यक्रम झाला, जॉन सीनाही आला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शँकीला नारळ. एप्रिल २०२४ मध्ये जिंदर, वीर आणि संगा हे तिघेही एकाच दिवशी बाहेर. भारताची बाजारपेठ हवी, पण भारतीय मल्लासाठी नीट कथा लिहायची तसदी नको, असा हा हिशेब दिसतो. द ग्रेट खली २००७ मध्ये जगज्जेता झाला, त्यालाही पुढे नाचायलाच लावले होते.

गेलेले परत येतात का?

येतात, आणि कधी कधी राहिलेल्यांच्या पुढे जातात. ‘थ्री एमबी’ या त्रिकुटाची गोष्ट यासाठी पाहावी. हीथ स्लेटर, ड्र्यू मॅकिंटायर आणि जिंदर महल, तिघांचे काम हरण्याचे आणि हसवण्याचे. जून २०१४ मध्ये मॅकिंटायर आणि जिंदर यांना काढले, स्लेटर टिकला. जिंदर २०१६ मध्ये परतला. एप्रिल २०१७ च्या फेरबदलात त्याला ‘स्मॅकडाऊन’मध्ये हलवले आणि मे महिन्यात तो डब्ल्यूडब्ल्यूई विजेता! त्या डिसेंबरात दिल्लीत त्याची ट्रिपल एचशी लढत झाली, यावरून या पट्ट्यामागचे गणित कळते. मॅकिंटायर छोट्या आखाड्यांत घाम गाळून २०१७ मध्ये परतला आणि एप्रिल २०२० मध्ये ब्रॉक लेस्नरला हरवून विजेता झाला, तेही करोनामुळे रिकाम्या जागेत, प्रेक्षकांविना.

आणि स्लेटर? २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नाही. ती पटकथा होती. ‘मला लेकरेबाळे आहेत हो’ असे म्हणत तो दोन्ही कार्यक्रमांत नोकरी मागत फिरायचा. प्रेक्षकांनी त्याला इतके उचलून धरले की सप्टेंबरात ऱ्हायनोसोबत जोडी अजिंक्यपद त्याच्या हाती आले. पुढे मॅकिंटायर विजेता झाल्यावर दहाच दिवसांनी, १५ एप्रिल २०२० च्या यादीत स्लेटरचे नाव होते. या वेळी ते खरे होते. जुलैमध्ये त्याला एका रात्रीपुरते बोलावले गेले, जुन्या मित्राशी लढला, झटपट हरला, गळाभेट झाली आणि तो गेला.

ब्रे वायटचे दुःख निराळे. ‘द फीन्ड’ हे पात्र लहान मुलांच्या कार्यक्रमासारख्या नेपथ्यातून घडवणारा हा कल्पक मल्ल ३१ जुलै २०२१ रोजी काढला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियात तो परतला, तेव्हाचा जल्लोष विसरता येणारा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या ऐन उमेदीतील चौदा महिने कंपनीने घालवले, हा राग चाहत्यांच्या मनात अजून आहे.

रुसेव्ह आणि अ‍ॅलिस्टर ब्लॅक एप्रिल २०२५ मध्ये परत आले. ब्रॉन स्ट्रोमनला २०२१ मध्ये काढले, २०२२ मध्ये बोलावले, मे २०२५ मध्ये पुन्हा काढले.

आता चाहत्यांना काय हवे?

शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेल्या पिढीला प्रत्येक मल्लाची उंची, वजन आणि क्रमांक पाठ असे. त्या पत्त्यांतून कोणी कधी काढला जात नसे. तसे आता होणार नाही, हे चाहते जाणतात. पण २०२५ च्या सुरुवातीला ड्राफ्टऐवजी ‘ट्रान्स्फर विंडो’ नावाची मोघम पद्धत आणली गेली आणि मल्ल कारण न सांगता इकडून तिकडे जाऊ लागले. डेमियन प्रीस्ट ‘स्मॅकडाऊन’मध्ये, ए. जे. स्टाइल्स ‘रॉ’मध्ये. त्यापेक्षा रेसलमेनियानंतर ठरलेल्या आठवड्यात वर्षातून एकदाच ड्राफ्ट व्हावा, विजेत्यांना त्यातून वगळावे (२०२४ मध्ये तसे केलेही होते) आणि पुढच्या रेसलमेनियापर्यंत कोणीही कुंपण ओलांडू नये. करार संपवायचा असेल तर मल्लाला निरोपाची एक लढत द्यावी. दोन दशके राबलेल्या झिगलरला तीही मिळाली नाही.