माझा उजवा हात

“सर, तुमचा डावा हात गातो, उजवा नुसता बडबडतो!”

दौंडच्या काकांनी हा शेरा मारला तेव्हा मी मनातून चांगलाच वरमलो. बडबडीवरच पोट भरणारा मी मराठीचा प्राध्यापक! पण हा घाव वर्मी बसण्याचे कारण निराळे होते. माझा उजवा हात माझा नव्हताच. तो अण्णांचा होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नाकार्यांतून स्टील गिटार वाजवीत. मांडीवर आडवे ठेवलेले वाद्य, डाव्या हातात पोलादी रॉड आणि उजव्या हातात एकच त्रिकोणी पिक. मांडवाच्या गोंगाटात सूर पोचायचा, तर पिक वरखाली सपासप फिरवायचे, हे त्यांचे शास्त्र. सहा वर्षांपूर्वी ते गेले. गिटार माझ्याकडे आली आणि शिरूरच्या आमच्या घरात संध्याकाळी पुन्हा तोच आवाज घुमू लागला. आई माळ ओढता ओढता ऐके. काही बोलत नसे.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, अण्णांचे जुने स्नेही. दर रविवारी न्हावरे, चौफुला करीत एस. टी.ने मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. हवाई बेटांतल्या लाये गावचा जोसेफ केकुकू हा १८८० नंतरच्या दशकात शाळकरी पोर होता. रुळांच्या कडेला सापडलेला एक बोल्ट तारांवरून घासला गेला नि या वादनाची सुरुवात झाली, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना काकांची छाती फुगते. “बघा सर, शेवटी रेल्वेचाच माल!”

आता वाचक म्हणतील, तार छेडायची ती कशीही छेडा, त्यात एवढे काय? मलाही तसेच वाटे. पण या वाद्यात पडद्यावर बोट दाबायचे नसते. रॉड तारांवर नुसता टेकलेला असतो, त्यामुळे एकदा छेडलेली तार आपणहून गप्प बसत नाही. पुढचा सूर लागला तरी मागचा घुमतच राहतो आणि गाण्याचा काला होतो. तिला गप्प करण्याचे काम मुख्यतः उजव्या हाताचे. तळहाताची कड तारांवर अलगद टेकवायची, किंवा छेडणारे बोटच तारेवर परत आणून ठेवायचे. सूर काढण्याइतकेच सूर थांबवणे महत्त्वाचे!

एका पिकाने द्रुत लयीतले आघात सुरेख निघतात. पण पहिल्या तारेवरून चौथीवर जायचे तर मधल्या दोन ओलांडून उडी मारावी लागते आणि लांबच्या दोन तारा एकदम छेडता येत नाहीत. दुसरी रीत म्हणजे अंगठ्यात एक नखी आणि तर्जनी-मध्यमेत धातूच्या दोन. अंगठा खर्जाकडे, बोटे वरच्या तारांवर. हात एका जागी स्थिर राहतो, म्हणून तळहाताची कड कामाला मोकळी होते. विश्वमोहन भट्ट आणि देबाशिष भट्टाचार्य यांचे हात पाहा. रागाचा आलाप आणि झाला दोन्ही ते तीन नख्यांनी उभे करतात. ब्रिजभूषण काबरांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर-बासरीच्या जोडीला हे परदेशी वाद्य बसवले, तेव्हापासून ते केवळ सिनेगीतांपुरते उरलेले नाही.

काका म्हणाले, “अण्णालाही मी हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, मांडवात ऐकू कोणाला जाणार? त्याचं बरोबर होतं. पण तुम्ही मांडवात कुठे वाजवता?”

प्रश्न बिनतोड होता. तरी मी दोन महिने टाळाटाळ केली. पिक सोडले म्हणजे घरातला अण्णांचा आवाजही सोडला, असे वाटे. अखेर श्रावणात नख्या चढवल्या. वाचकहो, चाळिशीनंतर शिकलेले विसरणे फार कठीण! नख्या तारांवर खडखडत. एकदा तर्जनीची नखी उडाली ती थेट सौ.च्या चकलीच्या भाजणीत. “पुढच्या वेळी चाळणीतच वाजवा,” एवढेच ती म्हणाली. काकांनी रॉड काढून घेतला आणि महिनाभर नुसत्या मोकळ्या तारांवर अंगठा, तर्जनी, मध्यमा एवढेच घोटवून घेतले. प्रत्येक सुरानंतर हात टेकायचा. वर्गात मी विरामचिन्हे शिकवतो. स्वतःच्या वाक्याला पूर्णविराम द्यायला मात्र दौंडला जाऊन शिकलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकून, ओसरीवर मी अण्णांचे आवडते भावगीत संथपणे वाजवले. आई दाराशी पणती ठेवीत होती. संपल्यावर मी भीतभीत विचारले, “कसं वाटलं?”

“अण्णांसारखं नाही झालं,” ती म्हणाली. माझा चेहरा पडला. पणतीची वात सारखी करीत ती पुढे म्हणाली, “पण त्यांच्या वाजवण्यात मला शब्द कधी सापडायचे नाहीत रे. आज सापडले.”

अण्णांचे पिक आता गिटारच्या पेटीत, नख्यांच्या डबीशेजारी असते. एखादी धावती चाल आली की मी तेही काढतो. एरवी उजवा हात माझा आहे.