खेळाडू मोठा, पण सामना किती वाजता?

इंडियानापोलिस : अमेरिकेचा हा पट्टा मका आणि सोयाबीनचा. इथल्या लहान गावांतल्या शाळांकडेही हजारो प्रेक्षक मावतील अशी बास्केटबॉलची क्रीडागृहं आहेत. त्यामुळे इथल्या संघाकडून खेळणाऱ्या आयोवाच्या केटलिन क्लार्कचं नाव घरोघरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये ती खेळली तो महिलांचा महाविद्यालयीन अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते. वर्षभराने, क्लार्क व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर, महिलांचा अंतिम सामना ८५ लाखांच्या आसपास आला. एका खेळाडूचा परिणाम एवढा असतो. पण यावरून ‘लीग म्हणजे तारा’ असं म्हणणं घाईचं होईल.

१९७९ मध्ये मॅजिक जॉन्सन आणि याच इंडियाना राज्यातला लॅरी बर्ड यांची महाविद्यालयीन अंतिम लढत झाली. टीव्ही रेटिंगमध्ये आजवर कुठल्याच बास्केटबॉल सामन्याने तिला मागे टाकलेलं नाही. पुढच्याच वर्षी जॉन्सनने ४२ गुण करून आपल्या संघाला एनबीए या व्यावसायिक लीगचं विजेतेपद जिंकून दिलं, आणि तो सामना देशाच्या बहुतेक भागांत रात्री उशिरा ध्वनिचित्रमुद्रित दाखवला गेला! तारा होता, पण समोर बर्ड नव्हता आणि घड्याळही चुकलं होतं. प्रतिस्पर्ध्याचं महत्त्व क्लार्कच्या बाबतीतही दिसतं. एंजल रीसच्या लुइझियाना संघाने २०२३ चा अंतिम सामना क्लार्कच्या आयोवा संघाविरुद्ध जिंकला, तो ९९ लाखांनी पाहिला. दोन्ही संघ वर्षभराने उपांत्य फेरीच्याही आधी भिडले तेव्हा प्रेक्षक १ कोटी २३ लाख झाले.

यावर मायकेल जॉर्डनचा दाखला दिला जाईल. १९९८ च्या अंतिम मालिकेला सरासरी २ कोटी ९० लाख प्रेक्षक, तो निवृत्त झाल्यावर १९९९ ला १ कोटी ६० लाख. मात्र तो हंगाम मालक-खेळाडू वादामुळे ५० सामन्यांवर आला होता, म्हणून सगळी घसरण जॉर्डनच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय त्या काळाइतके प्रेक्षक आज नसतानाही २०२४ मध्ये एनबीएने ११ वर्षांचा सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार केला. वाहिन्या पैसे मोजतात ते वर्षभराच्या वेळापत्रकासाठी. कुणी एक खेळाडू जखमी झाला तरी ते चालू राहतं.

नुसता तारा पुरत नाही, प्रतिस्पर्धी आणि ठरलेली वेळही लागते, हे आपल्या बुलढाण्यालाही लागू पडतं. आपल्या तिरंदाज प्रथमेश जावकारने मे २०२३ मध्ये शांघायला जगात पहिल्या क्रमांकावरच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं, त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. त्याच संघात नागपूरचा ओजस देवतळे होता, त्याच वर्षीचा जगज्जेता. विदर्भात असे दोन धनुर्धर असताना जिल्ह्यातल्या मुलांना ते पुढच्या वेळी कधी, कुठल्या वाहिनीवर दिसतील? तिरंदाजी टीव्हीवर रंगत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. या दोघांच्या प्रकारात १५ बाण, कमाल १५० गुण, प्रत्येक बाणाला २० सेकंद. निकाल पाव तासात. कबड्डी २०१४ पासून संध्याकाळच्या ठरल्या वेळी घरात आली, तेव्हाही खेळ जुनाच होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत पहिली आर्चरी प्रीमियर लीग झाली, पण ती काही दिवसांत आटोपली. नागपूर विरुद्ध बुलढाणा ही लढत महिन्याच्या ठरल्या रविवारी सह्याद्री वाहिनीवर लागली पाहिजे, आणि ही मागणी राज्य संघटनेकडे आपल्याच जिल्ह्यातून जायला हवी.