होडीचा ट्रेलर घ्यायचा तर आधी उतार बघा

मलकापुरातून होडी न्यायची तर तिला दोनच वाटा. पूर्वेला बांबवडे, केर्ली करत कोल्हापूर; पश्चिमेला आंबा घाट उतरून साखरपा, पाली आणि रत्नागिरी. एकीकडे पंचगंगेचा पूर, दुसरीकडे समुद्र. होडी तीच असली तरी या दोन्ही पाण्यांना एकच ट्रेलर सारखा सोयीचा पडत नाही. ट्रेलर घेणारा बहुधा होडीची लांबी मोजतो आणि दुकानात जातो. मोजायचा असतो तो होडी पाण्यात सोडायच्या जागेचा उतार.

पुराचंच बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, जुलै 2021 मध्येही तीच गत झाली. अशा वेळी केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता पाण्याखाली जातो आणि होडी सोडायची जागा म्हणजे तो डांबरी रस्ताच. त्याचा उतार अगदी कमी. समजा, चाळीस फुटांमागे एक फूट. होडी तरंगायला ट्रेलरच्या चाकांपाशी 60 सेंटीमीटर पाणी हवं असेल, तर चाकं पाण्याच्या कडेपासून 24 मीटर आत न्यावी लागतात. ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं ट्रेलरच्या चाकांपासून साधारण चार मीटरवर, म्हणजे तीही अर्धा मीटर पाण्यात! वाहत्या पाण्यात जीपचं इंजिन बंद पडायला एवढं पुरतं. हाच उतार सात फुटांना एक फूट असता, जसा बांधीव धक्क्यावर असतो, तर चार मीटरमध्येच तेवढी खोली मिळाली असती आणि गाडीची चाकं जेमतेम ओली झाली असती.

म्हणून पुरासाठी रबरी रुळांचा ट्रेलर बरा. होडीचा कणा रुळांवरून घरंगळतो, त्यामुळे ट्रेलर पूर्ण बुडवावा लागत नाही. होडी मागे ढकलायची आणि परत घेताना विंचने ओढायची. धक्का चांगला असेल तिथे लांब लाकडी पट्ट्यांचा ट्रेलर घ्यावा. पट्ट्यांवर होडीचं वजन पसरतं, तर रुळांवर ते मोजक्या ठिकाणी टेकतं आणि महिनोन्‌महिने तशीच ठेवलेली फायबरची होडी तिथे दबू शकते. पट्ट्या होडीच्या मागच्या फळीपर्यंत पोचायलाच हव्यात, कारण इंजिनाचा सगळा भार त्या फळीवर लटकलेला असतो. हवा भरायच्या छोट्या रबरी बोटीला मात्र माझ्या मते ट्रेलरच नको. इंजिन उतरवलं की चार-सहा जण ती उचलतात. पिकअपमध्ये टाकावी आणि निघावं.

आता वजन. पाच मीटरची फायबरची होडी 350 किलो धरा, इंजिन 80, पन्नास लिटर पेट्रोल 37 किलोच्या आसपास, नांगर, दोर, जॅकेटं मिळून 35. झाले पाचशे. ट्रेलरचे स्वतःचे 250. यात उसाची सवय आड येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉली बनवणाऱ्याला ट्रेलर सांगितला, तर तो कित्येक टन ऊस वाहायच्या हिशेबाने पाटे घालतो. असा ट्रेलर मोडत नाही खरा, पण पाचशे किलोला त्याचे पाटे दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट होडीच्या तळाला बसतो. एकूण वजनाच्या पाव-एक पट जास्त क्षमता पुरे.

चार चाकी ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ येत नाही. दोन चाकी ट्रेलरचं तसं नसतं, तो बैलगाडीसारखा वागतो. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं, हे गाडीवानाला कळायचं; म्हणून तो माल थोडा पुढे लादायचा. ट्रेलरमागे इंजिन लटकलेलं, त्यामुळे तो उलाळ व्हायला सोकावलेलाच असतो. उलाळ ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोल खाऊ लागतो आणि गाडीलाही ओढतो. एकूण वजनाचा पाच ते दहा टक्के भार गाडीच्या टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, यावा. आपल्या 750 किलोंना तो 40 ते 75 किलो झाला. दांडा वजनकाट्यावर टो-बॉलच्या उंचीइतका टेकवून हे घरीच मोजता येतं. कमी भरला तर विंचचा खांब पुढे सरकवून होडी पुढे घ्यावी, नाहीतर चाकांचा आस मागे न्यावा.

इथल्या पावसाचा भार कुणी हिशेबात धरत नाही. ट्रेलरवर उघडी ठेवलेली होडी म्हणजे टाकीच. चार चौरस मीटर तळात दहा सेंटीमीटर पाणी साचलं की 400 किलो वाढले. निचऱ्याचं बूच काढून ठेवायचं, पुढचं टोक किंचित वर ठेवायचं आणि पाण्यात सोडण्याआधी बूच परत लावायचं. हे शेवटचं विसरणाऱ्यांचे किस्से प्रत्येक धक्क्यावर ऐकायला मिळतात.

आंबा घाट उतरायचा तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ट्रेलर गाडीवर रेलला की आपोआप लागणारे ब्रेक असतात, पण लांब उतारावर तो सतत रेलतो आणि ड्रम तापतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावं, मध्ये थांबावं. अशा ब्रेकला रिव्हर्स घेताना अडवणारी कळ आहे का, हेही घेतानाच पाहावं. नाहीतर चढावर मागे ढकलताना चाकं जाम होतात. साखळ्या दोन, टो-बॉलखाली एकमेकींना छेद देऊन. विंचचा पट्टा हा बांधायचा पट्टा नव्हे. मागच्या फळीला दोन्ही बाजूंनी वेगळे पट्टे लावावेत.

रत्नागिरीला पोचल्या पोचल्या ट्रेलर समुद्रात घालू नये. चाकांचे हब तापलेले असतात. थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये खेचलं जातं. हाताला हब कोमट लागेपर्यंत चहा घ्यावा. समुद्रासाठी सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेलाच हवा. रंगवलेला पोकळ पाइप आतून गंजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. परतल्यावर गोड्या पाण्याने आस, पाटे, ब्रेक धुवावेत आणि ग्रीस भरावं.

राहिला कागद. मोटार वाहन कायदा, 1988 ट्रेलरलाही वाहन मानतो. त्याची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधीच कोल्हापूरच्या आरटीओत विचारून यावं, कारण घरी जोडलेल्या सांगाड्याची नोंदणी तयार ट्रेलरइतकी सोपी नसते.