शेजाऱ्यांचे वैर आणि निजामशाहीचा अस्त

अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ला पाहावयास येणाऱ्यांना १९४२ च्या आंदोलनात तेथे बंदिवासात असलेल्या राष्ट्रीय नेत्यांचे स्मरण होते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु हा किल्ला मुळात कोणाच्या भीतीने एवढा भक्कम बांधला गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर दिल्लीकडे नव्हे, तर विजापूर, गोवळकोंडे आणि विजयनगर या शेजाऱ्यांकडे बोट दाखविते. शेजारच्या सत्तांमधील स्पर्धा आणि सुरक्षितता यांचा संबंध समजावून घेण्यासाठी या जिल्ह्याच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पाच सत्ता, एक पठार

इ. स. १३४७ मध्ये स्थापन झालेले बहमनी राज्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस फुटू लागले. १४९० मध्ये मलिक अहमद याने भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव करून स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी आपल्या नावाचे नगर वसविण्यास आरंभ केला. विजापूरची आदिलशाही, वऱ्हाडची इमादशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही व बीदरची बरीदशाही ही त्याच राज्याची इतर शकले होत. दक्षिणेस विजयनगरचे बलाढ्य राज्य होते.

या सत्तांमध्ये नैसर्गिक सीमा जवळजवळ नव्हती. सीना व भीमा यांच्या खोऱ्यांतील मोकळ्या माळरानावर शत्रूस अडवील असा डोंगर नाही. त्यामुळे सोलापूर, परांडा, नळदुर्ग यांसारखे किल्ले हीच खरी सीमा ठरली. सोलापूर निजामशहाकडे असले की विजापूरला धाक वाटे. ते आदिलशहाकडे गेले की नगरचा मार्ग मोकळा झाल्यासारखा वाटे. एकाने आत्मरक्षणासाठी केलेली तरतूद दुसऱ्यास आक्रमणाची तयारी भासावी, हा शेजारी सत्तांच्या संबंधांतील मूळ पेच होय. दोन गावांच्या शिवेवरील वाद ज्यांनी मिटविले आहेत, त्यांना हा पेच नवा वाटणार नाही.

सोलापूरचा तंटा

१५२४ मध्ये आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहास दिली गेली. या विवाहात सोलापूर व त्याखालील मुलूख आंदण देण्याचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे होते. मुलूख मिळाला नाही आणि ज्या सोयरिकीने वैर मिटावयाचे, तिनेच ते वाढविले. पुढे दोन्ही बाजूंनी बाहेरचे साह्य घेण्यास सुरुवात केली. १५५२ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून सोलापूर घेतले. काही वर्षांतच पारडे फिरले. आदिलशहा, कुतुबशहा आणि रामराया यांच्या एकत्रित फौजा नगरच्या वेशीपर्यंत येऊन थडकल्या. याच धामधुमीच्या काळात हुसेन निजामशहाने नगरचा किल्ला दगडी तटबंदीने बळकट केला.

रामरायाचे वर्चस्व सर्वांनाच जाचू लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी आपसांतील वैर बाजूस ठेवले. हुसेनची कन्या चांदबिबी आदिलशहास दिली गेली आणि या खेपेस सोलापूर खरोखरच आंदण मिळाले. आदिलशहाची बहीण नगरच्या युवराजास देण्यात आली. जानेवारी १५६५ मध्ये तालीकोटच्या लढाईत रामरायाचा पाडाव झाला. परंतु समान शत्रू नाहीसा होताच एकजुटीचे कारणही नाहीसे झाले. १५७४ मध्ये नगरने वऱ्हाडची इमादशाही गिळंकृत केली. हा विस्तार त्या वेळी मोठा विजय वाटला. पण या वऱ्हाडामुळे नगरची उत्तर सीमा मोगलांच्या वाढत्या साम्राज्यासमोर उघडी पडली.

निमंत्रण कोणी दिले?

१५९५ मध्ये विजापूरशी झालेल्या लढाईत इब्राहीम निजामशहा मारला गेला. दरबारात दख्खनी, परदेशी व हबशी असे तट होतेच. वारसाहक्काच्या कलहात वजीर मियाँ मंजू याने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुराद यास मदतीसाठी बोलाविले. मोगलांची दृष्टी दक्षिणेकडे आधीपासूनच होती. निमंत्रणाने त्यांना निमित्त मिळाले. याच प्रकारची घटना १४९४ मध्ये, म्हणजे नगर वसविले गेले त्याच वर्षी, दूर इटलीत घडली होती. तेथेही पाच प्रमुख राज्ये परस्परांशी झगडत होती. मिलानच्या सत्ताधीशाने फ्रान्सच्या राजास उत्तेजन दिले आणि पुढे कित्येक दशके इटली परकीय फौजांचे रणांगण बनली.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगल सैन्याने नगरला वेढा घातला. विजापूरचा राज्यकारभार सांभाळून माहेरी परतलेल्या चांदबिबीने संरक्षणाची सूत्रे हाती घेतली. सुरुंगाने तटास पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. किल्ला वाचला त्याचे एक कारण तिचे धैर्य हे होते. विजापूर व गोवळकोंडे येथील फौजा मदतीस निघाल्या होत्या, हे दुसरे. त्यांच्या आगमनाच्या वार्तेमुळे मुरादने तहाची बोलणी मान्य केली. वऱ्हाड मात्र द्यावे लागले. शेजाऱ्यांची ही मदत पुढे टिकाऊ ठरली नाही. १५९७ मध्ये गोदावरीकाठी या संयुक्त सैन्याचा पराभव झाला. १६०० मध्ये नगरातीलच विरोधकांनी चांदबिबीची हत्या केली आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला.

भातवडीचा विजय

नगर पडले तरी राज्य पडले नव्हते. मलिक अंबराने पाव शतक ते जगविले. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेस त्याने नगरपासून थोड्याच अंतरावर, भातवडी ऊर्फ भातोडी येथे गाठले. मेहकरी नदीवरील तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि रसद तोडून त्यास जेरीस आणले. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले. पण विजयानंतर अंबरानेही विजापूरवर चाल केली आणि पुन्हा एकदा सोलापूर घेतले. शंभर वर्षांचा तंटा जेथल्या तेथेच राहिला.

१६२६ मध्ये अंबर मृत्यू पावला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. शहाजीराजांनी संगमनेरजवळील पेमगिरी येथे निजामशाही वंशातील एका बालकास गादीवर बसवून राज्य सावरण्याचा शर्थीचा प्रयत्न केला. १६३६ मध्ये शहाजहान व आदिलशहा यांच्यात तह झाला आणि निजामशाहीची वाटणी करण्यात आली. आदिलशहास सोलापूर मिळाले, परांडाही मिळाला. परंतु आता त्याच्या सीमेवर दुबळा शेजारी नव्हे, तर प्रत्यक्ष मोगल साम्राज्य उभे होते. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, विजापूर पडले; १६८७ मध्ये गोवळकोंडे.

इतिहासाचा बोध

या पडझडीचे मर्म छत्रपती शिवाजी महाराजांनी अचूक ओळखले होते. दक्षिणेच्या मोहिमेच्या वेळी, १६७७ मध्ये, त्यांनी कुतुबशहाशी सख्य केले, ते दक्षिणेचा कारभार दक्षिणेतील सत्तांच्याच हाती राहावा या दृष्टीने. परंतु तोवर बराच उशीर झाला होता.

या सर्व घटनाक्रमात एक गोष्ट स्पष्ट दिसून येते. या राज्यांकडे किल्ले होते, शूर सेनानी होते, तोफाही होत्या. उणीव होती ती तंटे आपसांत मिटविण्याच्या विश्वासार्ह व्यवस्थेची. विवाह, तह आणि मैत्री ही सर्व तात्कालिक गरजेपुरती होती. दिलेला शब्द पाळला जाईल याची हमी कोणासच नव्हती.

विजापूरच्या बुरुजावर आज ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ दिसते. ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. पुढे परांड्यास गेली आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती नेली. ती ज्यांनी ओतली त्यांचे राज्य तिच्याने वाचले नाही आणि ज्यांनी ती नेली त्यांचेही वाचले नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नगरचा किल्ला दाखविताना त्याच्या तटाची रुंदी अवश्य सांगावी. त्याबरोबरच त्या तटाच्या आत आणि शेजारी जो अविश्वास होता, त्याची कथाही सांगावी. किल्ल्याचा इतिहास त्यावाचून पूर्ण होत नाही.