नगरचा किल्ला आणि बड्या राष्ट्रांची न्यायबुद्धी

सावेडीत राहणाऱ्या आम्हां मंडळींना नगरचा भुईकोट किल्ला परका नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना खटला न चालविता येथे डांबण्यात आले. त्या वेळी लोकशाहीची कैवारी म्हणविणारी राष्ट्रे काय करीत होती?

वर्षभरापूर्वीच, १४ ऑगस्ट १९४१ रोजी, रूझवेल्ट व चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर करून आपली राज्यपद्धती निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य केला होता. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला की, हे कलम मुख्यतः नाझी जोखडाखालील युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. हिंदुस्थान हा साम्राज्याचा घरचा प्रश्न! रूझवेल्ट यांना हे रुचले नाही. त्यांनी विल्यम फिलिप्स यांना आपले प्रतिनिधी म्हणून दिल्लीस पाठविले. परंतु १९४३ मध्ये बंदिवान गांधीजींची भेट घेण्याची त्यांची विनंती व्हाइसरॉयने नाकारली. अमेरिकेने खासगीत चिंता व्यक्त केली, उघडपणे मौन पाळले. युद्धात ब्रिटनची मैत्री तिला अधिक मोलाची होती.

येथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. अमेरिकेतील सहानुभूतीदारांनाही हिंदी जनता एकसंध वाटत असे. डॉ. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात परकीयांना उद्देशून एक स्वतंत्र प्रकरण लिहिले ते यासाठीच. देश स्वतंत्र होणे आणि त्यातील माणसे स्वतंत्र होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्याचा गाभा. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, हे आम्ही लपवीत नाही; पण युक्तिवादाचे खरेखोटेपण खुर्चीवरून ठरत नसते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा, असे त्यांच्या मनात होते.

त्या मार्गावर पुढे काय घडले? २००१ साली डर्बन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. साम्राज्याची जुनीच भाषा; वक्ता तेवढा बदललेला. अमेरिका तर इस्रायलविषयक मजकुराच्या वादावरून परिषद सोडून गेली. अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. जातिभेद हा वंशभेदविरोधी कराराच्या कक्षेत येतो, असे २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने स्पष्ट केले. ती समिती सरकारांची नव्हे, तज्ज्ञांची आहे.