हाडात घुसलेला फ्लोरिन

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते, आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत. तिथे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक बनतात. त्या स्फटिकांतल्या बोळांत हायड्रॉक्साइडचे आयन एकामागे एक बसलेले असतात. फ्लोराइडचा आयन आकाराने जवळपास तेवढाच आणि भारही तोच, त्यामुळे त्याला तिथे सहज जागा मिळते. एकदा शिरला की तो कॅल्शियमला जास्त घट्ट धरतो.

जयपूर जिल्ह्यातल्या फागी, चाकसू या भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातून हेच घडते. फ्लोराइड येते खडकांतून. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असते तर ते फ्लोराइडला घेऊन तळाशी बसले असते. पण सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात कॅल्शियम थोडे, म्हणून फ्लोराइड मोकळेच राहते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

घट्ट बंध म्हणजे मजबूत हाड, असे वाटणे साहजिक आहे. टूथपेस्टच्या जाहिराती तेच सांगतात आणि दाताच्या पृष्ठभागापुरते ते खरेही आहे: आम्लाला तो थर सहज दाद देत नाही. हाडाचे तसे नसते. ते सतत आम्लाने विरघळवले जाते आणि पुन्हा बांधले जाते. जास्त फ्लोराइडमुळे हे चक्र बिघडते; हाड दाट होते पण ठिसूळ, सांध्यांभोवतीचे अस्थिबंध खनिजाने ताठरतात. दातांवरचे तपकिरी डाग मात्र दात घडत असताना, बालपणीच पडतात.

या डागांच्या शोधाचे श्रेय अमेरिकी दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना मिळते. १९०१ पासून ते कोलोरॅडोत डाग पाहत होते, पण कारण सापडले १९३१ मध्ये, एका ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना. ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येत होता, म्हणून त्यांनी पाणी तपासले. इतके फ्लोराइड निघाले की विश्वास बसेना. नमुना पुन्हा मागवला. चर्चिल यांचे नाव आज फार कमी जणांना आठवते. भारतात फ्लोराइडचा हा आजार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नोंदला गेला.

फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेची: पाण्यात चुना आणि तुरटी. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा गाळ बनतो आणि फ्लोराइड त्यात अडकते. जयपूर शहराने वेगळी वाट धरली. तिथे बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी येते. 'नलगोंडा' पद्धतीत मात्र उरतो तो फ्लोराइडने भरलेला गाळ, आणि तो विहिरीपासून लांब टाकावा लागतो.